उन्हाळी: माळावरच्या झुडपाचा नत्राचा संसार

माळावर फिरताना गुडघ्याएवढं, करड्या-हिरव्या पानांचं आणि जांभळट-गुलाबी फुलांचं झुडूप दिसलं, तर त्याची एक पर्णिका, म्हणजे पानातलं एक छोटं पान, तोडा. तिचं टोक चिमटीत धरा आणि हळूच ओढा. पर्णिका आडवी फाटत नाही. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी तिरकी चीर जाते आणि हातात येणाऱ्या तुकड्याला बाणाच्या पिसांसारखा आकार असतो. ही उन्हाळी. संस्कृतात हिला शरपुंखा म्हणतात. शर म्हणजे बाण आणि पुंख म्हणजे बाणाची पिसं लावलेली मागची बाजू. हे नाव ज्याने कुणी दिलं, त्याने पान फाडून पाहिलं होतं, यात मला शंका नाही.

पान असं का फाटतं, याचं उत्तर शिरांमध्ये आहे. उन्हाळीच्या पर्णिकेत मधल्या शिरेपासून कडेपर्यंत जाणाऱ्या बारीक शिरा अगदी जवळजवळ, एकमेकींना समांतर आणि तिरक्या असतात. फाटण्याला शिरेच्या कडेकडेने जाणं सोपं पडतं. निळीचं झुडूप लांबून असंच दिसतं. आयुर्वेदाच्या निघंटूंतही, म्हणजे औषधी वनस्पतींच्या जुन्या कोशांतही, शरपुंखा निळीसारखी दिसते असं म्हटलेलं आहे. घोटाळा झाला तर हा पानाचा प्रयोग करावा. शिवाय उन्हाळीचा फुलांचा तुरा पानाच्या बगलेतून न निघता पानाच्या समोरच्या बाजूने निघतो, ही खूणही लक्षात ठेवण्यासारखी.

शास्त्रीय नाव टेफ्रोसिया पर्पुरिया. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये हिची नोंद वेगळ्या प्रजातीत केली होती, पर्सूनने १८०७ मध्ये ती टेफ्रोसियात आणली. ग्रीक भाषेत टेफ्रोस म्हणजे राखेच्या रंगाचं. पानांवरच्या बारीक लवेमुळे या प्रजातीतल्या अनेक झाडांवर राखेची छटा दिसते. तूर, हरभरा, मूग, वाटाणा यांचं कुळ तेच हिचंही कुळ, म्हणजे शेंगावर्ग. फरक इतकाच की माळावर हिला कुणी पेरत नाही, पाणी देत नाही, खत घालत नाही. भारत, श्रीलंका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, जिथे जिथे कोरडं गवताळ आणि झुडपी रान आहे तिथे ती किंवा तिची भावंडं सापडतात.

मला या झाडाबद्दल लिहायचं आहे ते एका गैरसमजामुळे. दख्खनच्या माळाला आपण गरीब जमीन म्हणतो आणि गरिबी म्हटलं की ती दूर करायची असते, हे ओघानेच आलं. पण उन्हाळीचं सगळं आयुष्य त्या गरिबीवरच उभं आहे. ते कसं, हे समजून घ्यायचं तर जमिनीखाली जावं लागतं.

माळावर काळ्या बसाल्ट खडकावर मुरूम असतो आणि मुरमावर मातीचा पातळ थर, काही ठिकाणी जेमतेम वीतभर. पाऊस थोडा, तोही लहरी. पाण्याची टंचाई सगळ्यांना दिसते. दुसरी टंचाई दिसत नाही, ती नत्राची. प्रथिनं, हिरवं हरितद्रव्य, पेशीतला आनुवंशिक ऐवज, या सगळ्यांत नत्र लागतो. तो मातीत मिळतो मुख्यतः कुजलेल्या पालापाचोळ्यातून. माळावर पाचोळा कमी आणि जो असतो त्यातला बराच जनावरं खातात. उन्हाळ्यात वणवा लागला, तर गवतातल्या नत्राचा मोठा भाग धुराबरोबर हवेत जातो.

आणि हवेत तर तो भरलेलाच आहे. आपण श्वासात घेतो त्या हवेचा ७८ टक्के भाग नत्रच आहे. झाड अक्षरशः नत्रात बुडालेलं असतं आणि तरी नत्रासाठी उपाशी राहतं. कारण हवेतला नत्र जोडीने राहतो. दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने धरून असतात आणि हा बंध रसायनशास्त्रातल्या सर्वांत घट्ट बंधांपैकी एक आहे. ती जोडी फोडल्याशिवाय नत्राचा काही उपयोग नाही आणि कोणत्याही झाडाला ती स्वतःच्या बळावर फोडता येत नाही.

माणसाला ते जमलं विसाव्या शतकात. फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये प्रयोगशाळेत हवेतला नत्र आणि हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया करून दाखवला, १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ इथे कारखाना उभा राहिला. युरियाच्या आजच्या गोणीमागे तीच प्रक्रिया आहे. त्यासाठी ४०० ते ५०० अंश सेल्सियस तापमान आणि हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. उन्हाळीच्या मुळावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान गाठी असतात, त्यांच्यात हेच काम मातीच्या साध्या तापमानाला चालतं.

गाठीत काम करणारे असतात ऱ्हायझोबियम आणि त्यांचे भाऊबंद, मातीतले जिवाणू. हे कळायला बराच काळ गेला. शेंगावर्गातल्या पिकानंतर जमीन सुधारते हे शेतकऱ्यांना शेकडो वर्षं माहीत होतं, कारण माहीत नव्हतं. जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्ट यांनी कुंड्यांतून नत्र नसलेल्या वाळूत ओट आणि वाटाणा वाढवून पाहिला. ओट उपाशी राहिला. निर्जंतुक वाळूतला वाटाणाही तसाच खुरटला. पण त्याच वाळूत शेतातल्या मातीचं थोडं पाणी घातलं की वाटाण्याच्या मुळांवर गाठी यायच्या आणि तो तरारून वाढायचा. ओटाला मात्र त्या पाण्याने काही फरक पडत नसे. म्हणजे मातीतलं काहीतरी जिवंत वाटाण्याच्या मुळात शिरत होतं. हे काम त्यांनी १८८६ ते १८८८ मध्ये जगापुढे ठेवलं आणि १८८८ मध्येच हॉलंडमध्ये बायरिंकने ते जिवाणू वेगळे करून दाखवले. मला हा प्रयोग फार आवडतो. कुंडी, वाळू आणि मातीचं पाणी एवढ्यावर शेतीतलं एक फार जुनं कोडं सुटलं.

जिवाणू मुळात शिरतात तेही ठरावीक बोलणं झाल्यावर. नत्राची चणचण असली की मूळ काही खास द्रव्यं मातीत सोडतं. जवळपासच्या जिवाणूंना ती कळली की ते उलट आपली द्रव्यं सोडतात. दोघांची खूण जुळली तरच मुळावरचा केस वाकडा होतो आणि जिवाणूला आपल्या कुशीत घेतो. मग आतल्या आत एक नळी तयार होते, तिच्यातून जिवाणू मुळाच्या गाभ्याकडे जातात आणि तिथे त्यांच्याभोवती गाठ वाढते. बाहेरून आत आलेल्या मोजक्या जिवाणूंचे तिथे लाखो होतात. मातीत नत्र भरपूर असेल, तर झाड गाठी कमी करतं किंवा करतच नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

गाठीत नत्राची जोडी फोडणारं यंत्र म्हणजे नायट्रोजिनेज नावाचं विकर. त्याच्या गाभ्यात लोह आणि मॉलिब्डेनम हे धातू असतात. या यंत्राची अडचण अशी की प्राणवायू लागला की ते बिघडतं. पण ते चालवायला ऊर्जा प्रचंड लागते आणि ती ऊर्जा जिवाणूंना प्राणवायू घेऊन श्वसन केल्याशिवाय मिळत नाही. म्हणजे प्राणवायू हवाही आणि नकोही. हा पेच सोडवतं लेगहिमोग्लोबिन, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं सख्खं नातेवाईक. ते प्राणवायूला पकडून धरतं, मोकळा फिरू देत नाही आणि जिवाणूंच्या तोंडाशी बेताबेताने पोचवतं. जपानच्या कुबो यांनी हा पदार्थ हिमोग्लोबिनसारखा आहे हे १९३९ मध्ये ओळखलं. पावसाळ्यात उन्हाळीची ताजी गाठ नखाने फोडली की आत गुलाबी रंग दिसतो, तो याचाच. गुलाबी असेल तर गाठ काम करते आहे. पांढरी असेल तर अजून सुरू झालेली नाही, हिरवट किंवा तपकिरी पडली असेल तर तिचे दिवस संपले.

हे सगळं फुकट होत नाही. नत्राची एक जोडी फोडायला पेशीच्या चलनातले, म्हणजे एटीपीचे, किमान सोळा रेणू खर्च होतात. हा खर्च झाड भागवतं. पानांनी उन्हात तयार केलेल्या साखरेतला चांगला वाटा खाली गाठींना जातो. मग प्रश्न येतो की एखादा जिवाणू साखर खाऊन नत्र न देता नुसता बसून राहिला तर काय? टोबी कियर्स आणि सहकाऱ्यांनी सोयाबीनवर हे तपासलं, २००३ साली. त्यांनी काही गाठींभोवतीच्या हवेत नत्राऐवजी आर्गॉन भरला. आता त्या जिवाणूंची इच्छा असो-नसो, द्यायला नत्रच नव्हता. झाडाने अशा गाठींचा प्राणवायू आखडता घेतला आणि त्यांतल्या जिवाणूंची वाढ जवळपास निम्म्यावर आली. देवाणघेवाण थांबली की झाड रसद कमी करतं. नत्र देणारा जिवाणू वाढतो, न देणारा मागे पडतो, आणि लाखो वर्षांचा हा व्यवहार अशाच चोख हिशेबावर टिकला आहे.

आता माळाकडे परत येऊ. नत्राची टंचाई असलेल्या जमिनीत उन्हाळीला गवतापेक्षा एक पाऊल पुढे राहता येतं, कारण तिचा स्वतःचा नत्राचा पुरवठा आहे. साखरेचा खर्च होतो, पण माळावर ऊन भरपूर आहे, साखर करायला तिला अडचण नाही. जमिनीत वरून नत्र ओतला तर? मग हा खर्च तिच्या अंगलट येतो. गवताला आयता नत्र मिळतो, ते उंच वाढतं, सावली करतं आणि बुटकी शेंगावर्गीय झाडं मागे हटतात. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड इथल्या कुरणावर १८५६ पासून हा प्रयोग चालू आहे. वर्षानुवर्षं नुसतं नत्रखत मिळालेल्या तुकड्यांतून शेंगावर्गीय फुलझाडं जवळजवळ नाहीशी झाली आणि एकूण वनस्पतींच्या जातीही घटल्या. काहीच न घातलेले तुकडे सर्वांत समृद्ध राहिले. माळ गरीब आहे म्हणून तिथे एवढी विविधता आहे, हे वाक्य ऐकायला उलटं वाटतं, पण वस्तुस्थिती तीच आहे.

कमावलेला नत्र साठवणं म्हणजे चोरांना आमंत्रण. प्रथिनांनी भरलेलं पान बकरीलाही हवं आणि अळीलाही. उन्हाळीचा बंदोबस्त रासायनिक आहे. तिच्यात टेफ्रोसिन, डेग्वेलिन अशी रोटेनोनच्या कुटुंबातली द्रव्यं असतात. रोटेनोन पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या साखळीची पहिलीच कडी बंद पाडतं. पेशीला प्राणवायू मिळत असतो, पण त्याचा उपयोग करता येत नाही. कीटकांना आणि माशांना हे विशेष भोवतं, माशांच्या कल्ल्यांतून ते थेट रक्तात जातं. म्हणूनच जगात अनेक ठिकाणी या प्रजातीतल्या झाडांचा पाला किंवा मुळं ठेचून पाण्यात टाकत आणि गुंगी आलेले मासे धरत. आफ्रिकेतली हिची बहीण, टेफ्रोसिया व्होगेलाय, त्यासाठी प्रसिद्ध आहे.

इथे थांबून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. शरपुंखेचं औषधी नाव मोठं आहे. तिला प्लीहशत्रु म्हणतात, म्हणजे प्लीहेच्या (पाणथरीच्या) विकारांवर चालणारी. पण माळावरून उपटून आणून काढा करून पिण्याचं हे झाड नव्हे. २००० साली शास्त्रज्ञांनी उंदरांना दीर्घकाळ रोटेनोन देऊन पाहिलं, तेव्हा त्यांच्यात कंपवातासारखी लक्षणं दिसली. कोणत्या झाडात कोणतं द्रव्य किती आहे हे पाहून कळत नाही. वैद्याने दिलं तर ती गोष्ट वेगळी.

फुलाकडे आता जरा जवळून पाहू. ते पाऊण-एक सेंटिमीटरचं, पण रचना अगदी वाटाण्याच्या फुलासारखी. मागे उभी मोठी पाकळी, ध्वज. दोन बाजूंना दोन पंख. पंखांच्या मध्ये दोन पाकळ्या जोडून झालेली होडी आणि त्या होडीत लपलेले दहा पुंकेसर आणि स्त्रीकेसर. मधमाशी पंखांवर उतरली की तिच्या वजनाने होडी खाली दबते, आतले केसर वर येतात आणि तिच्या पोटाला पराग लागतो. ती उडाली की होडी पुन्हा वर. दहापैकी नऊ पुंकेसर नळीसारखे जुळलेले आणि दहावा बुडाशी सुटा असतो, त्यामुळे तिथे फट राहते आणि माशीची सोंड मधापर्यंत पोचते. वजनाने हलका किडा बसला तर होडी हलत नाही, त्याच्यासाठी पराग वाया घालवायचा नाही.

फुलानंतर येणारी शेंग चपटी, तीन ते पाच सेंटिमीटर लांब, टोकाशी किंचित वर वळलेली. वाळली की तिच्या दोन फाका पिळवटतात आणि एका क्षणी झटकन उलगडतात. बिया उडून थोड्या अंतरावर पडतात.

हे झाड इतकं सोसणारं असूनही त्याच्याबद्दल एक सावधगिरी बाळगावी लागते. माळावर जिकडेतिकडे नुसती उन्हाळी दिसली तर खूश होऊ नये. गुरं आधी मारवेल, पवन्या अशी गोड गवतं खातात, उन्हाळीला शेवटी तोंड लावतात. चराई हाताबाहेर गेली की गवत संपतं आणि नकोशी झाडं उरतात. चांगल्या माळावर ती गवतात मिसळलेली, इथे एक तिथे एक असते. तिच्या पडलेल्या पानांतून आणि मेलेल्या मुळांतून नत्र हळूहळू मातीत उतरतो आणि शेजारच्या गवताला मिळतो. तमिळनाडूत हिला कोळिंजी म्हणतात आणि भातखाचरात हिरवळीचं खत म्हणून मुद्दाम वाढवून गाडतात, ते याच गुणासाठी.

चराईइतकंच मला काळजीचं वाटतं ते माळावर झाडं लावणं. भारत सरकारचा भूसंसाधन विभाग आणि हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र मिळून देशातल्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढतात. त्यात दाट झुडपी जमीन आणि विरळ झुडपी जमीन असे दोन प्रकार पडीक म्हणूनच नोंदलेले असतात. एकदा पडीक म्हटलं की ती सुधारणं हे पुण्यकर्म ठरतं. महाराष्ट्रात अनेक माळांवर खड्डे खणून ग्लिरिसिडिया लावली गेली. तीही शेंगावर्गातलीच, नत्र बांधणारी, मध्य अमेरिकेतून आलेली. ती वाढली की सावली पडते, पाचोळा पडतो, जमिनीत नत्र वाढतो. कागदावर हे सगळे गुण आहेत. पण माळावरच्या गवताला आणि उन्हाळीला सावली सोसत नाही आणि नत्राच्या टंचाईत मिळणारी तिची आघाडी तिथे उरत नाही. गवतात अंडी घालणारा माळढोक, उघड्यावर पळणारी खोकड आणि चिंकारा यांनाही लांबवर नजर पोचेल अशी मोकळी जमीन लागते. लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. म्हणूनच आधी तिथे काय उगवलं आहे हे वाकून पाहायला हवं, असं मला कळकळीने वाटतं.

उरली बी. ती जेमतेम तीन-चार मिलिमीटरची, पण टरफल इतकं कडक की पाणी आत शिरत नाही. टरफलाच्या बाहेरच्या थरात उभ्या, जाड भिंतींच्या पेशी खेटून बसलेल्या असतात. पाऊस पडला तरी बऱ्याच बिया भिजत नाहीत आणि हे फार शहाणपणाचं आहे. माळावर जूनमध्ये एक सर येते आणि मग तीन आठवडे कोरडे जातात. पहिल्या सरीला सगळ्या बिया रुजल्या, तर सगळी रोपं एकदम मरतील.

टरफल आतून कोरडं कसं राहतं, याचा उलगडा हाइड नावाच्या शास्त्रज्ञाने १९५४ मध्ये क्लोव्हर आणि ल्युपिन या शेंगावर्गातल्या वनस्पतींच्या बियांवर केला. बी शेंगेला जिथे चिकटलेली असते तिथे एक नाभी असते, हरभऱ्यावरही ती दिसते. नाभीत बारीक फट असते. बाहेरची हवा कोरडी असली की ती उघडते आणि आतला ओलावा बाहेर जातो. हवा दमट झाली की तीच फट मिटते. ओलावा बाहेर जाऊ शकतो, आत येऊ शकत नाही. बी दिवसेंदिवस अधिक कोरडी आणि अधिक बंद होत जाते.

मग ती उघडते कशी? दुपारी तापणारा आणि रात्री गार होणारा मुरूम, दगडांमधलं घासणं, वणव्याची धग, यांनी टरफलाला कुठेतरी सूक्ष्म तडा जातो आणि पाणी वाट काढतं. हिरवळीच्या खतासाठी उन्हाळी पेरणारे शेतकरी म्हणूनच बी वाळूबरोबर कांडतात किंवा गरम पाण्यातून काढतात. माळावर मात्र घाई नसते. प्रत्येक बीला तडा वेगळ्या वेळी जातो. एकाच शेंगेतून एकाच दुपारी उडालेल्या सात-आठ भावंडांपैकी एखादी पुढच्याच पावसात रुजते, दुसरी त्यानंतरच्या वर्षी, आणि काही मुरमाच्या खाली अजूनही कोरड्याच पडून असतात.